ओढतोय का?

बाणेरमधल्या एका बार्बर शॉपमध्ये मी गेले होते. स्टोरी करायला. पुरुषांचं ग्रूमिंग हा विषय सध्या सॉलिड चालतो. बिअर्ड ऑइल, बिअर्ड वॅक्स, गरम टॉवेल, वर फिल्टर कॉफी. तिथल्या मेन्यू कार्डवर (हो, मेन्यू कार्ड होतं!) 'रॉयल हेरिटेज शेव्ह' असा एक आयटम होता आणि त्याची किंमत वाचून माझ्यातल्या फ्रीलान्सरला गहिवरून आलं. भिंतीवर पितळी हुकाला चामड्याचा एक रुंद पट्टा लटकवलेला, त्याच्यावर पिवळा लाइट सोडलेला.

"हा पट्टा कशासाठी?" मी मुद्दामच विचारलं.

"ते व्हिंटेज आहे मॅडम. डेकोर."

जवळ जाऊन मी बोट फिरवलं. पट्टा कोरा करकरीत. आजवर त्यावरून एकही पातं फिरलेलं नव्हतं. तो मुलगा समोरच्या आयटीवाल्याची दाढी ज्या वस्तऱ्याने करत होता, त्यात मधोमध मोडलेलं अर्धं ब्लेड होतं. दाढी झाली की ते ब्लेड डब्यात. यात चूक काहीच नाही, उलट तेच बरोबर आहे, त्यावर पुढे येतेच. पण तो पट्टा बघून मला एकदम आबांचं उशीवरचं तोंड आठवलं. स्टोरी कशीबशी उरकली आणि रविवारी संध्याकाळी स्वारगेटहून वाईची एसटी पकडली.

आता थोडी कबुली. मी न्हाव्याच्या घरातली. वाईला आमचं दुकान आहे, आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी सुरू केलेलं. आता पप्पा चालवतात. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा आणि एक रेडिओ. मास कॉमला असताना कोणी विचारलं की मी "पप्पांचं सलून आहे" असं सांगायचे, आणि 'सलून' हा शब्द असा काही उच्चारायचे की समोरच्याच्या डोळ्यांपुढे काचेचे दरवाजे आणि रिसेप्शनिस्ट उभी राहावी. एकीने "चेन आहे का गं?" असंही विचारलं होतं. मी नुसती हसले. अख्खा कोर्स मी अशीच हसत काढला. न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघणार, ही म्हण ऐकत जो मोठा होतो, तो आपला उकिरडा कोणी उकरू नये याचीच काळजी घेत असतो.

तर आबा. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अडखळायला लागलं. वाक्य सुरू होतं, मध्येच शब्द हरवतो, मग ते चिडतात आणि भिंतीकडे तोंड करतात. वय ८१. झटका येईपर्यंत हा माणूस रोज सकाळी, चहाच्या आधी, स्वतःची दाढी स्वतःच्या वस्त्र्याने करायचा. दुकानात ब्लेड आल्यावरसुद्धा.

आता पप्पा दाढी करायला बसले की आबा मान फिरवायचे. एकच शब्द, "ओढतोय."

पप्पा ब्लेड बदलायचे. नवंकोरं. "ओढतोय." परत बदलायचे. "ओढतोय." पप्पांची इतक्या वर्षांची प्रॅक्टिस, रविवारी पस्तीस-चाळीस दाढ्या करणारा हात, आणि बापाच्या एका शब्दापुढे पार हतबल. शेवटी आठवड्यातून एकदा, तीही जबरदस्तीने, एवढ्यावर गाडं आलं.

नवं ब्लेड ओढत नसतं, हे मलाही कळतं. आबांना त्यांचा वस्तरा हवा होता. पण ते वाक्य लांब होतं.

"मग करा ना वस्त्र्याने," मी म्हटलं.

"धार कोण लावणार?" पप्पा म्हणाले. "मी वस्तरा चालवलाय. पाजवायचं काम कायम आबांचं. मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी, आणि मग ब्लेडच आलं."

ब्लेड का आलं, हे तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांना आठवायचं कारण नाही. १९८६ साली चेन्नईत देशातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले. पुढच्या दशकात 'न्हाव्याला नवीन ब्लेड वापरायला सांगा' हे वाक्य गावोगाव पोचलं. कावीळही अशीच रक्तातून पसरते, तिची 'बी' आणि 'सी' ही नावंही लोकांना कळली. आबांनी थोडे दिवस हुज्जत घातली म्हणे. वस्तरा उकळू, डेटॉलमध्ये ठेवू, तुरटी लावू. पण एका गिऱ्हाइकाने त्यांना निरुत्तर केलं. वस्तरा उकळाल हो, पण चामड्याचा पट्टा कसा उकळणार? एका गालावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून दुसऱ्या गालावर. त्याच आठवड्यात आबांनी धोकटी बांधली आणि माळ्यावर टाकली. आपला एक वस्तरा आणि पट्टा तेवढा न्हाणीघरात ठेवला, स्वतःपुरता. तसं बघितलं तर ब्लेड त्याच्या कितीतरी आधीचं. जिलेटची बदलता येणारी पाती अमेरिकेत १९०३ साली विकायला आली. पहिल्या वर्षी विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. पण आमच्या दुकानात शिरायला त्या पात्याला नव्वदचं दशक उजाडावं लागलं.

माळ्यावरून धोकटी मीच उतरवली. आत नराणी, पितळेची वाटी, तुरटीचा खडा, फडक्यात गुंडाळलेला दगड आणि दोन वस्तरे. न्हाणीघरातला धरून तीन. एक जाड पाठीचा, गावातल्या लोहाराने घडवलेला. दोन जर्मन, दांड्याजवळ 'सोलिंगेन' असं कोरलेलं. सोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं गाव. त्या गावाचं नाव भलत्याच्या मालावर पडू नये म्हणून १९३८ साली तिथे चक्क कायदा झाला. हे जर्मन पातं उजेडात आडवं धरलं तर पाठ आणि धार यांच्यामधला भाग दोन्ही बाजूंनी खोलगट दिसतो. धारेजवळ ते इतकं पातळ की नखाने दाबलं तर किंचित लवतं.

आणि इथे मी माती खाल्ली. दोन जर्मनांपैकी एक पर्समध्ये टाकून पुण्याला आणला. आमच्या पेठेत सायकलवर दगडी चाक लावून धारवाले फिरतात. त्यांच्यातल्या एकाला दिला. त्याने पायडल मारलं, ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत पातं चकाचक. मी खूश. पुढच्या सोमवारी आबांच्या डाव्या हातात ठेवलं. त्यांनी ते खिडकीकडे धरलं. धारेला एक निळसर झाक आली होती. मला ती सुंदर वाटली होती.

आबा काही बोलले नाहीत. वस्तरा मिटून उशीखाली सरकवला. मेलेल्या पाखराला ठेवावं तसा.

नंतर वाचल्यावर कळलं. पोलादाला कडकपणा येतो तो तापवून, विझवून, मग बेताने परत ऊब देऊन. नंतर पुन्हा भलतं तापलं की तो कडकपणा उतरतो, आणि निळा रंग ही त्याचीच खूण. चाकावर कोरडं घासल्याने कागदासारखी ती धार तापून मऊ पडली होती. चाक सुरीला, कात्रीला ठीक. वस्त्र्याला नाही. धारवाल्याचा दोष नाही, त्याला मी कधी सांगितलं होतं की हे काय आहे?

तेव्हापासून दर सोमवारी वाई. सोमवारी सलून बंद. पूर्वी तोच आबांचा धार लावायचा दिवस. मी फ्रीलान्सर असल्यामुळे माझा सोमवार बऱ्याचदा मोकळाच असतो (या वाक्यावर आईने "बऱ्याचदा?" असं विचारलं होतं). आबांच्या खाटेशेजारी मी पाट घेऊन बसायचे. त्यांना बोलून शिकवता येत नव्हतं. मग आम्ही एक कोड ठरवलं. ठरवलं असं नाही, ठरत गेलं. चुकलं की डाव्या हाताची अंगठी खाटेच्या लोखंडी नळीवर वाजायची. टंग.

पहिल्याच दिवशी मी वस्तरा उचलला, तर टंग. दगड पुसला, टंग. पाणी टाकलं, टंग टंग. शेवटी त्यांनी महत्प्रयासाने शब्द काढला, "आधी... दगड."

दगड, म्हणजे त्यांच्या भाषेत निसणा, मध्ये खोल गेलेला होता. अनेक वर्षांच्या घासण्याने बोटभर लांबीचा खळगा. दगडच वाकडा तर धार सरळ कुठून येणार? मग न्हाणीघराबाहेरच्या शहाबादी फरशीवर बारीक वाळू आणि पाणी टाकून मी दगड घासत बसले. गोल गोल. सकाळी सुरू केलं ते दुपारच्या चहापर्यंत. मधूनमधून आबांपुढे धरायचा. ते दगडावर वस्त्र्याची पाठ आडवी टेकवून खालून उजेड येतोय का बघायचे. उजेड आला की टंग. माझे दोन्ही अंगठे सोलले, त्या आठवड्यात टायपिंगची बोंब झाली आणि एक डेडलाइन गेली. एडिटरने फोनवर माझी जी बिनपाण्याने केली, ती वेगळीच.

प्रत्यक्ष धार लावणं त्यापुढे सोपं वाटावं असं होतं. निदान सांगायला. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्त्र्याचा कोन वस्त्र्यातच असतो. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवायची की झालं, जाड पाठीमुळे कोन आपोआप बसतो. दोन्ही बाजूंचा मिळून साधारण १६-१७ अंश. धार पुढे ठेवून, दुधावरची साय न फाडता काढावी तसं पातं पुढे न्यायचं. पातं लांब, दगड अरुंद, म्हणून तिरकं, दांड्याकडून टोकाकडे ओढत. मग उलटवायचं ते पाठीवरून. धारेवरून उलटवलं की केलेलं सगळं पाण्यात.

आणि दाबायचं नाही. हे 'नाही' मला दोन महिने कळलं नाही. मला वाटायचं, जरा जोर दिला तर लवकर होईल. टंग. हात हलका केला, टंग. एवढासा हलका? टंग. आबा डोळे मिटून पडलेले असायचे. ते माझ्या हाताकडे बघतच नव्हते. त्यांना दगडाचा आवाज ऐकू येत होता. दाबलं की खरखर, पातळ कडा वाकून जाते. पात्याचं स्वतःचंच वजन दगडावर सोडलं की एक लांब, ओलसर, एकसारखा आवाज येतो, रेशमी साडी दारावरून सरकावी तसा. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा टंग झालं नाही. मी वाट बघितली. तरी झालं नाही. वर बघितलं तर आबा माझ्याकडे बघत होते.

"दाबू... नगंस," ते म्हणाले. दोन महिन्यांनी वाक्य पूर्ण झालं.

दगड धार काढतो, पट्टा धार बसवतो. दगडावर काम आठवड्याने-पंधरवड्याने, पट्ट्यावर मात्र प्रत्येक दाढीच्या आधी. पट्ट्याला आबा चामोटी म्हणतात. तिचं एक टोक खुर्चीला अडकवायचं, दुसरं डाव्या हाताने ताणून धरायचं. सैल धरला तर पट्टा धारेभोवती वळतो आणि धार गोल होते. इथे सगळं दगडाच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागे. विसरून धार पुढे गेली तर पट्टाच कापला जाणार. त्या पट्ट्यावर आता नखाएवढी एक चीर आहे. ती माझी.

चामडं पोलादाला काय धार लावणार, असा प्रश्न मला पडला होता. दगडावरून उतरलेली कडा थोडी इकडे-तिकडे झुकलेली, दातेरी असते. पट्टा तिला सरळ उभी करतो आणि घोटतो. आबांच्या पट्ट्याची मागची बाजू लालसर आहे, तिला बारीक लाल भुकटी चोळलेली. लोहाच्या गंजाचीच ती बहीण, चष्म्याच्या काचा घोटायला वापरतात ती. आधी लाल बाजू, मग साधी.

मधल्या काळात, एसटीत बसून, मी मोबाइलवर एक भारी गोष्ट वाचली. केस हा पोलादाच्या मानाने जवळजवळ ५० पट मऊ असतो. मग दाढी करून पातं बोथट होतंच कसं? एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केस कापत हे बघितलं आणि २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. धार झिजून गोल होत असेल, हा आपला समज. त्यांना दिसलं वेगळंच. धारेचे सूक्ष्म टवके उडत होते. केस पात्यासमोर सरळ न राहता वाकला, आणि नेमका अशा जागी भिडला जिथे पोलादाची घडण एकसारखी नाही, की टवका उडतो. हे वाचताना मला आबांचा डावा अंगठा दिसला. गिऱ्हाइकाचा गाल वर ताणून धरणारा, केस उभे करणारा. संशोधकांनी त्या अंगठ्याबद्दल काही लिहिलेलं नाही, हा संबंध माझा मी लावला. पण 'बिनपाण्याने हजामत' ही शिवी का आहे, ते यातून नीट कळतं. गरम रुमालाखाली दोन-तीन मिनिटं भिजलेला केस मऊ पडतो आणि सहज कापला जातो. अर्धी धार पाण्यातच असते.

आबा म्हणायचे, वस्तरा दमतो, त्याला निजू द्यावं. म्हणून तीन ठेवले होते, पाळीपाळीने. शेफील्ड आणि सोलिंगेनचे कारखाने तर पूर्वी सात वस्तऱ्यांची पेटीच विकायचे, पाठीवर एकेका वाराचं नाव. पोलाद खरंच दमतं का, देव जाणे. पण पाळी लावली की प्रत्येक वस्तरा नीट कोरडा होतो, एवढं नक्की.

वस्त्र्यावर लिहायचं आणि पुढचं लिहायचं नाही, हे काही मला जमणार नाही. बारा बलुतेदारांतले आम्ही. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. विधवांचं केशवपन करायला जी धार लागायची, ती आमचीच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. हे मला मास कॉमच्या लायब्ररीत समजलं आणि इतका अभिमान वाटला की रूममेटला सांगायला निघाले होते, दारापर्यंत जाऊन परत आले. सांगितलं असतं तर दुकानाचंही सांगावं लागलं असतं. पुढे बाबासाहेबांच्या आठवणी वाचल्या. साताऱ्यात न्हावी भरपूर होते, घरात त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही तयार नव्हता. लहानग्या भीमरावाचे केस थोरली बहीण कापायची. सातारा आमच्यापासून जेमतेम पस्तीस किलोमीटर. आबांच्या आजोबांची धोकटी कुठल्या वस्तीत शिरत नव्हती, ते मला घरात कोणी सांगितलेलं नाही. एका सोमवारी मी विचारलं. आबा बराच वेळ छताकडे बघत राहिले.

"व्हतं... तसं," म्हणाले.

आमच्या दुकानाची लाज वाटायला हे एक कारण होतं. मी मात्र दोनच खुर्च्या आहेत म्हणून लाजत होते.

एप्रिलमध्ये मला वाटलं, झालं. परीक्षा दोन. पहिली नखाची. ओल्या अंगठ्याच्या नखावर धार नुसती टेकवून हळूच सरकवायची. घसरली तर बोथट. वाळूसारखी खरखरली तर अजून दातेरी. हलकेच धरून धरून पुढे गेली तर बरोबर. दुसरी केसाची. एक केस टोकाला धरून धारेला टेकवायचा, तो पडला पाहिजे. यासाठी केस माझेच. घरात लांब केस असलेली विद्यार्थिनी ही सोय आबांना पूर्वी कधी मिळाली नव्हती. माझा केस पडला. मी टाळी वाजवली. पप्पांनी रुमाल गरम केला, ब्रशने फेस काढला, आबांच्या उजव्या गालाला, त्या बधिर बाजूला, वस्तरा लावला. तिकडे आबांना काही कळलंच नाही. मग डाव्या गालाला.

"ओढतोय."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. आबांनी डोळे मिटले, पण डोळ्याच्या कडेला पाणी आलं होतं. ते खरंच ओढत होतं. उरलेली दाढी ब्लेडने केली. मी मागच्या अंगणात जाऊन धार उन्हात धरली तर टोकाकडचा अर्धा इंच चमकत होता. पाजवलेली धार उजेडात दिसत नाही. जी चमकते ती बोथट. मी केसाची परीक्षा नेमकी मधल्या भागावर घेतली होती, जिथे मला खात्री होती. परीक्षेत येणारेच प्रश्न तयार करून गेलेल्या पोरासारखी.

मग परत दगड. मे महिनाभर फक्त टोक. जूनच्या पहिल्या पावसात आणखी एक घोळ. महाबळेश्वर वाईच्या डोक्यावरच, हवेला सगळीकडून पाणी सुटतं. एका आठवड्यात धारेवर तांबूस ठिपके. वस्तरा ओला मिटायचा नाही, पुसून, वाळवून, तेलाचं बोट लावून ठेवायचा, हे मला आबांनी पहिल्याच महिन्यात खुणेने सांगितलं होतं. टंग न करता त्यांनी नुसता हात कपाळावर मारला. डावा हात एव्हाना बराच बोलका झाला होता.

पूर्वी पप्पांना आबा म्हणायचे, गिऱ्हाइकाला विचारू नको ओढतोय का, त्याच्याकडे बघ. झोप लागली तर धार बरी आहे.

जूनच्या शेवटच्या सोमवारी मी पट्ट्यावर तीस फेऱ्या मारल्या. तरी आबांनी बोट वर केलं, अजून दहा. त्या मारल्या. नख, मग केस, आणि केस या वेळी टोकावर, मध्ये, दांड्याजवळ, तिन्ही ठिकाणी. वस्तरा पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि न बघताच स्वतःच्या तळहाताच्या मांसल भागावर दोनदा इकडून, दोनदा तिकडून फिरवला. सर्र, सर्र. तीस वर्षांत त्यांनी हे केलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच जाणवलं असावं, कारण ते जरा थबकले.

रुमाल, मग फेस. डाव्या अंगठ्याने गाल वर ताणला. पातं कल्ल्यापासून खाली आलं तेव्हा अगदी बारीक आवाज झाला, वाळकं गवत दुमडावं तसा. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. पप्पाही. बाहेर पागोळ्या पडत होत्या. एक गाल झाला. आबांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. दुसऱ्या गालाच्या निम्म्यावर आल्यावर त्यांचा खालचा जबडा सैल पडला आणि श्वास लांब झाला.

पप्पांनी वस्तरा उचलून धरला. फेस मनगटावरून ओघळत होता.

"झोपले," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "हनुवटी राहिलीय. उठवू का?"